आभाळाखालचे दोन तास

मृगाची पहिली सर कोसळली की मराठी घरांच्या दारातून एक हाक हमखास ऐकू येते, "अरे, आत ये, भिजशील!" हाक मायेची असते आणि ती घालणाऱ्या आईला किंवा आजीला दोष देण्याचे काही कारण नाही. बेळगावात ही हाक जूनमध्ये सुरू होते, गोव्यात तर तिला चार महिने खंड नसतो. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद इकडे तीच हाक वैशाखात "ऊन लागेल" अशी येते, आणि ग्वाल्हेरीस जानेवारीच्या धुक्यात "गारठशील" अशी. ऋतू बदलतो, कारण बदलते. मूल मात्र प्रत्येक वेळी आतच येते. पूर्वी आत आलेले मूल कंटाळत असे, आणि कंटाळलेले मूल सर ओसरताच पुन्हा अंगणात पळे. आता ते कंटाळत नाही. त्याच्या हाती मोबाईल असतो किंवा समोर दूरचित्रवाणीचा पडदा असतो, आणि बाहेर पाऊस केव्हाच थांबला आहे हे त्याला कळतही नाही.

या आत येण्याची किंमत काय, हा प्रश्न आजवर बहुधा प्रकृतीच्या, व्यायामाच्या किंवा मनाच्या अंगाने विचारला गेला. मोकळ्या हवेने भूक लागते, झोप चांगली येते, मन प्रसन्न राहते, हे कोणी नाकारीत नाही. परंतु ते इतक्या वेळा सांगून झाले आहे की ऐकणारा मान डोलावतो आणि उठून दार लावून घेतो. गेल्या काही दशकांत मात्र या प्रश्नाचे एक नेमके, मोजता येण्यासारखे उत्तर पुढे आले आहे. ते दिले आहे नेत्रवैद्यांनी. मुलाच्या डोळ्याची वाढ नीट व्हावयाची तर त्याला रोज काही काळ आभाळाखालचा उजेड मिळावा लागतो, असे ते उत्तर आहे. आणि त्यातील खरी मौज अशी की हे आभाळ निरभ्रच असले पाहिजे असे मुळीच नाही.

"घरात काय कमी उजेड आहे?" असे कोणी विचारील. दिवे लावले की खोली लख्ख दिसते. परंतु उजेडाच्या बाबतीत डोळा हा फार वाईट मापाडी आहे. उजेड कमी झाला की बाहुली रुंदावते, आतील पडदा अधिक संवेदनाक्षम होतो, आणि शंभरपट फरक असला तरी माणसाला तो जेमतेम दुप्पट-तिप्पट भासतो. म्हणून मापे यंत्राने घ्यावी लागतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील वस्तूवर जेवढा उजेड टाकते, तेवढ्याला स्थूलमानाने एक लक्स म्हणतात. संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत हा आकडा शंभर ते तीनशेच्या घरात असतो. चांगल्या उजेडाच्या वर्गात पाचशेपर्यंत जातो. आता बाहेर यावे. निरभ्र दुपारी उघड्यावर एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. झाडाच्या सावलीत कित्येक हजार असतो. आणि आभाळ पूर्ण झाकोळलेले असताना, ज्याला सारे जण "आज काय अंधारून आले आहे" असे म्हणतात त्या दिवशीही, भर दुपारी तो दहा हजारांच्या आसपास असू शकतो. श्रावणातल्या रिमझिमीतले अंगण हे दिवे लावलेल्या माजघरापेक्षा वीस-तीस पटींनी उजळ असते. अगदी वादळी काळोखी तेवढी अपवाद.

हा उजेड डोळ्याचे करतो काय, हे समजण्यासाठी डोळ्याची वाढ कशी होते ते पाहिले पाहिजे. नवजात बालकाचे नेत्रगोल पुढून मागे सुमारे सतरा मिलिमीटर लांब असते, प्रौढाचे चोवीस. बुबुळ, भिंग आणि मागचा पडदा यांचे अंतर असे जुळून यावे लागते की दूरच्या वस्तूची प्रतिमा नेमकी पडद्यावर पडेल. वाढीला योग्य जागी लगाम बसला तर दृष्टी चोख राहते. नेत्रगोल एखादा मिलिमीटर जरी अधिक लांबले, तरी दूरचे सारे धूसर होते आणि अडीच-तीन नंबरांचा चश्मा लागतो. यालाच ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. चश्मा प्रतिमा पुढेमागे सरकवतो, पण लांबलेला डोळा आखूड करीत नाही. तो कशानेच आखूड होत नाही. शिवाय फार लांबलेल्या डोळ्याचा आतील पडदा ताणला जातो आणि उतारवयात तो सुटण्याचा, मधोमध झिजण्याचा किंवा काचबिंदूचा धोका वाढतो. तेव्हा सातव्या वर्षी नाकावर आलेला चश्मा ही केवळ शोभेची किंवा अभ्यासूपणाची खूण नव्हे. बहुतेक डोळे बिघडतात ते शाळेच्या वर्षांत, आणि जितक्या लहान वयात बिघाड सुरू होईल तितका पुढे नंबर वाढण्यास अवधी अधिक.

पूर्वीपासून याचा सगळा दोष पुस्तकांवर टाकला गेला. जर्मनीतील हेर्मान कोन या नेत्रवैद्याने ब्रेस्लाऊ शहरात आणि आसपासच्या गावांत १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ साली आपले निष्कर्ष छापले. खेड्यांतील शाळांत ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण शेकडा दीडही नव्हते. वरच्या इयत्तांच्या विद्यालयांत ते शेकडा सव्वीसवर गेले होते. विद्या वाढली की दृष्टी घटते, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला, आणि मग बाकांची उंची, छपाईचा टाईप, खिडक्यांची रुंदी यांवर युरोपात मोठी चर्चा झाली. खेड्यातील ते मूल शाळा सुटल्यावर कोठे असे, याकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही.

पुढे १९६९ साली अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो या वस्तीतील एस्किमो कुटुंबांची तपासणी प्रसिद्ध झाली. बर्फाच्या उघड्या मुलुखात वाढलेल्या जुन्या पिढीतील १३१ माणसांपैकी केवळ दोघांना दूरचे अंधूक दिसत होते. त्यांच्या मुला-नातवंडांपैकी निम्म्याहून अधिकांना. दोनतीन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलले होते ते जगणे.

आणि मग सिडनी आणि सिंगापूर यांची तुलना आली. ऑस्ट्रेलियातील कॅथरिन रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ती प्रसिद्ध केली. दोन्ही शहरांतील सहा-सात वर्षांची चिनी वंशाची मुले घेतली. आईबापांतील चश्मेवाल्यांचे प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखेच. सिंगापुरातील मुलांत ऱ्हस्वदृष्टी शेकडा २९.१, सिडनीत अवघी ३.३. पुस्तके कोण अधिक वाचीत होते? सिडनीची मुले! फरक निघाला तो बाहेर घालवलेल्या वेळात. सिडनीचे मूल आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असे, सिंगापूरचे तीन तास. सिडनीतीलच चार हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. छपराखाली कितीही खेळले तरी डोळ्याला त्याचा उपयोग होत नव्हता. उघड्यावर नुसते बसले तरी होत होता. म्हणजे गुण व्यायामाचा नव्हे, आभाळाचा.

कोंबडीच्या पिल्लांवर जर्मनीत झालेल्या प्रयोगांनी या तर्काला बळकटी दिली. पिल्लांच्या डोळ्यांवर धूसर काच बसविली की ते डोळे अवाजवी लांबतात; तीव्र उजेडात ठेवलेल्या पिल्लांत मात्र ही लांबण पुष्कळच मंदावली. तीव्र उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामीन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि तेच वाढीला लगाम घालते, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे. त्या द्रव्याचे कार्य औषधाने रोखले, तेव्हा उजेडाचे संरक्षणही नाहीसे झाले.

तर्क तो तर्क. खरी परीक्षा शाळेत व्हावयाची होती, आणि ती प्रथम दक्षिण तैवानातील जवळजवळच्या दोन शाळांत झाली. सात ते अकरा वर्षांची एकंदर ५७१ मुले. पेइ-चांग वू या नेत्रवैद्यांनी एका शाळेत एवढेच केले की मधल्या सुट्ट्यांत वर्गात कोणी थांबू द्यावयाचे नाही. दिवे मालवावयाचे आणि सर्वांनी बाहेर जावयाचे. काय खेळावे, खेळावे की नुसते गप्पा मारीत उभे राहावे, याची सक्ती नाही. दिवसाकाठी अशी ऐंशी मिनिटे झाली. वर्षअखेर त्या शाळेत शेकडा ८.४१ मुलांना नव्याने ऱ्हस्वदृष्टी झाली. शेजारच्या शाळेत १७.६५. हे निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. औषध नाही, उपकरण नाही, नवी इमारत नाही. नुसती घंटा वाजल्यावर वर्ग रिकामा केला, आणि नव्या रोग्यांची संख्या निम्म्याखाली आली. वैद्यकाच्या इतिहासात इतके स्वस्त उपाय फारसे सापडत नाहीत.

चीनमधील ग्वांगझौ शहरातील प्रयोग आकाराने मोठा होता. बारा शाळांतील पहिलीची १,९०३ मुले घेऊन सहा शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक उघड्यावरील तास वाढविला. तीन वर्षांनी, २०१५ साली छापलेल्या अहवालानुसार, त्या शाळांत ऱ्हस्वदृष्टी झालेल्यांचे प्रमाण शेकडा ३०.४ होते आणि इतर शाळांत ३९.५. येथे फरक तितका डोळ्यांत भरणारा नाही, आणि चाळीस मिनिटे थोडीच होतात असेही त्यातून दिसले. तैवानने मात्र २०१० पासूनच प्राथमिक शाळांतील मुलांना दररोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला होता. तेथील मुलांत मंद दृष्टीचे प्रमाण वर्षानुवर्षे चढत आले होते. २०१२ साली ते शेकडा ४९.४ होते, २०१५ साली ४६.१ वर उतरले. उतार थोडा आहे खरा. पण चढणच चढण पाहिलेल्या आलेखाला तो पहिला उतार होता. वू यांच्या पुढील कामात असेही दिसले की उन्हात तापण्याची गरज नाही. हजार लक्स आणि त्याहून अधिक उजेड पुष्कळ वेळ मिळाला तरी लाभ होतो. झाडाची सावली त्यासाठी पुरते, आणि मोकळ्या अंगाची पडवीसुद्धा पुष्कळदा पुरते.

याच्या उलट प्रयोग कोणी मुद्दाम केला नसता. तो २०२० साली महामारीने केला. चीनच्या शांडोंग प्रांतातील फेइचेंग येथे शाळांतून दरवर्षी डोळे तपासले जात. घरबंदीचे महिने संपून शाळा उघडल्या तेव्हा सहा वर्षांच्या मुलांत ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण शेकडा २१.५ निघाले, त्याआधीच्या पाच वर्षांत ते ५.७ च्या वर कधी गेले नव्हते. ही तपासणी डोळ्यांत औषधाचे थेंब न घालता झाली होती, तेव्हा आकडा थोडा सैल धरावा. पण कितीही सैल धरला तरी काही महिन्यांच्या कोंडीचा ठसा त्यावरून पुसत नाही.

भारतातील स्थिती पूर्व आशियाइतकी बिकट नाही, आणि ती तशी होऊ नये हीच वेळ काळजी घेण्याची आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या नेत्रवैद्यांनी तेथील शाळांतील ९,८८४ मुले तपासून २०१५ साली अहवाल प्रसिद्ध केला. शेकडा १३.१ मुलांना ऱ्हस्वदृष्टी होती. रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी आढळली. पाच तासांहून अधिक वाचन-लेखन करणाऱ्यांत, दूरचित्रवाणीपुढे दोन तासांहून अधिक बसणाऱ्यांत आणि मोबाईलवर खेळणाऱ्यांत ती जास्त आढळली. आपल्याकडे आणखी एक अडचण अशी की पुष्कळ मुलांना आपल्याला कमी दिसते हेच ठाऊक नसते. सगळ्यांनाच फळा असाच दिसत असेल अशी त्यांची समजूत असते. मागच्या बाकावरचे मूल वहीत चुकीचे आकडे उतरवते, गुरुजी त्याला मठ्ठ म्हणतात आणि घरचे आळशी.

मोबाईलची बाजूही येथे न्यायाने पाहिली पाहिजे. पडद्याच्या उजेडात काही विष आहे आणि ते डोळ्यांत उतरते, असा जो एक धसका पसरला आहे त्याला सबळ आधार नाही. तासन् तास जवळचे पाहण्याचा ताण आहेच, आणि तो पुस्तकालाही चुकलेला नाही; पुस्तक मात्र मिटले जाते, मोबाईल मिटत नाही. परंतु मोबाईलचे मोठे अपकृत्य त्याने काय दिले यात नाही. त्याने दिवसाच्या ज्या घटका नेल्या त्यांत आहे. अंगणात बसून मोबाईल पाहणाऱ्या मुलाला, निदान डोळ्यापुरता, आभाळाचा उजेड थोडाफार मिळतो असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. पण तसे घडत मात्र नाही. उघड्यावर पडदा नीट दिसत नाही, म्हणून मोबाईल हाती असलेले मूल आपोआप कोपऱ्यात, पडदा ओढलेल्या खोलीत, पांघरुणाखाली सरकते. उजेडाशी त्या यंत्राचे मुळातच वैर आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक वेगळा उपाय केला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद. मुलांनी अभ्यास करावा आणि घरातल्यांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो स्तुत्यच आहे. त्याची वार्ता देशभर गेली. डोळ्याच्या दृष्टीने मात्र असे वाटल्यावाचून राहत नाही की हाच भोंगा पाच वाजता वाजला असता तर अधिक बरे झाले असते. सातला आभाळाकडे देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

आता हवामानाकडे वळावे, कारण सारे अडते ते तेथेच. फिनलंडमध्ये पंचेचाळीस मिनिटांच्या प्रत्येक तासिकेनंतर पंधरा मिनिटांची सुट्टी देण्याची पद्धत रूढ आहे आणि ती सुट्टी बाहेर घालवावयाची असते, मग बाहेर बर्फ असो वा चिखल. नॉर्वेत उघड्या रानावनांतून पायी हिंडण्याचा प्रत्येकाचा हक्क १९५७ साली कायद्याने नोंदला गेला. तिकडे हिवाळ्याचा दिवस इतका तोकडा की असलेला उजेड वाया घालविणे परवडत नाही. आपल्याकडे उजेडाची इतकी सुबत्ता की त्याची किंमतच वाटेनाशी झाली.

वास्तविक आपल्या समाजाला पावसात बाहेर राहणे नवीन नाही. कोकणात आणि बेळगावच्या पश्चिमेकडील पट्ट्यात लावणीच्या दिवसांत बांबू आणि पानांचे इरले पाठीवर घेऊन बायका दिवसभर ओणव्या काम करीत. पुरुष घोंगडीची खोळ डोक्यावर घेत. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा अशी नावे ज्यांनी दिली ती माणसे खिडकीतून पाऊस पाहणारी नव्हती. हस्त नक्षत्रात मुलींनी हत्तीभोवती फेर धरायचा तो अंगणात. आषाढी वारी तर ऐन पावसाळ्यातच चालते. आणि गोव्यात माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढात जो चिखलकाला होतो, त्यात पाऊस हे विघ्न नसून पाऊस पडला नाही तरच विघ्न. त्या मैदानात लहानमोठी माणसे चिखलात लोळतात, खेळतात आणि कोणाची आई "आत ये" म्हणून हाक घालीत नाही, कारण बहुधा तीही तेथेच उभी असते. वर्षातून एका दिवसापुरते जे चालते ते उरलेल्या दिवसांत थोडे का चालू नये?

भिजल्याने सर्दी होते, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. सर्दी होते ती विषाणूंनी, आणि खिडक्या लावलेल्या गर्दीच्या कोंदट खोलीत ते विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फार सुखाने जातात. ओल्या कपड्यांत तासन् तास कुडकुडत बसणे वाईटच. पण त्यावरचा उपाय कोरडा पंचा आणि कोरडे कपडे हा आहे. तथापि पावसाचे खरे धोके वेगळे आहेत आणि ते हसण्यावारी नेऊ नयेत. गडगडाट ऐकू आला की तत्काळ पक्क्या छपराखाली यावे. एकट्या झाडाचा आसरा घेणे तर सर्वांत वाईट. पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात उतरू नये, पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात मुळीच नाही. बाकी रिमझिम, भुरभुर, ढगाळ सकाळ, दोन सरींमधली उघडीप, यांना भिण्याचे कारण नाही. आणि खुद्द गोव्याच्या पावसाळ्यातही अशा उघडिपी दिवसातून अनेक येतात. फक्त त्या पकडण्यासाठी कोणीतरी दाराशी असावे लागते.

उन्हाळ्याचा न्याय निराळा. ग्वाल्हेरीस मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि लू वाहते. त्या वेळी दुपारी मूल बाहेर पाठविणे हा अघोरीपणा होईल. परंतु सूर्य उगवल्यावर अर्ध्या-पाऊण तासातच उघड्यावर कित्येक हजार लक्स उजेड असतो, आणि तो साडेआठ-नऊपर्यंत सोसवेल असा असतो. म्हणजे उन्हाळ्यात दोन तास सकाळी शोधावेत, संध्याकाळी अर्धा तास. वडोदऱ्यात त्यासाठी १८७९ सालचा सयाजीबाग, म्हणजे कमाटीबाग, विश्वामित्रीच्या काठी अजून झाडे धरून उभा आहे. हैदराबादेत बाग-ए-आम आहे. बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे. या जागा सकाळी गजबजतात हे खरे, पण तेथे दिसतात ते साठीच्या पुढचे. ज्यांचे डोळे वाढून केव्हाच थांबले ते प्रदक्षिणा घालीत असतात, आणि ज्यांचे अजून वाढत आहेत ते घरी झोपलेले असतात किंवा शिकवणीच्या वर्गाला गेलेले असतात. आजोबांनी एकटे निघण्याऐवजी एक बोट धरून निघावे, इतकीच या व्यवस्थेत दुरुस्ती हवी आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उगीच आशा वाढते. बाहेरचा उजेड ऱ्हस्वदृष्टी येऊ नये किंवा उशिरा यावी यासाठी उपयोगी पडतो, याला चांगला पुरावा आहे. ती एकदा आल्यावर नंबर वाढण्याचा वेग उजेडाने कितपत आवरतो, याविषयीचा पुरावा तितका सबळ नाही. आणि आलेला नंबर उन्हात उभे राहून उतरत नाही. सूर्याकडे टक लावून पाहण्याने तर डोळा कायमचा जळतो. चश्मा लागलेल्या मुलाला चश्मा वेळेवर द्यावा आणि नेत्रवैद्याकडे नियमाने न्यावे. आईबापांपैकी दोघांनाही चश्मा असेल तर मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. बाहेर जाण्याचे महत्त्व सर्वांत जास्त आहे ते ज्यांना अजून काहीच झालेले नाही अशा पाच-सहा-सात वर्षांच्या मुलांना. नेमक्या याच वयात घरचे म्हणतात, "अजून लहान आहे, पावसात कशाला?"

शाळांनी काय करावे हे दक्षिण तैवानातील त्या शाळेने दाखविलेलेच आहे. आपल्या कित्येक शाळांत उलट नियम आहे. जरा शिडकावा झाला की मधल्या सुट्टीत मुलांनी वर्गातच डबे खावेत आणि वर्गातच बसावे. अलीकडे तर त्यांनी गलका करू नये म्हणून भिंतीवरच्या पडद्यावर चित्रपट लावून देण्याचीही सोय झाली आहे. मैदान नाही ही तक्रार खरी असते, विशेषतः शहरांत. पण पडवी असते, व्हरांडा असतो, गच्ची असते, फाटकापासून दारापर्यंतची जागा असते. सुट्टी ही क्रीडास्पर्धा नसल्यामुळे तिला क्रीडांगणच लागते असे नाही.

शिक्षकांशी बोलल्यास खरी अडचण लवकरच बाहेर येते आणि ती फार साधी असते. मुले बाहेर गेली की ओली होऊन येतात, ओल्या छत्र्या आणि रेनकोट वर्गात टपटपतात, पायांचा चिखल फरशीवर येतो, शिपाई कुरकुरतो, पालकांची चिठ्ठी येते. फिनलंडमधील बालवाड्यांत यासाठी कपडे वाळविण्याची कपाटेच असतात. आपल्या जुन्या घरांत यापेक्षा कमी खर्चाची सोय होती. पडवीत छपराखाली आडवी वलण टांगलेली असे, पाय धुण्यास दाराशीच पाण्याचे भांडे असे, आणि पावसाळाभर माजघरात निखाऱ्याच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी सुकविली जात. पायरीशी एक गोणपाट, व्हरांड्यात पंचवीस-तीस खुंट्या, एक लांब दोरी आणि प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक जुना पंचा, इतके जूनपूर्वी झाले तर पावसाळ्यातील मधली सुट्टी बाहेर काढता येते. खुंट्या मात्र मुलांच्या हाताला पोचतील इतक्या उंचीवर ठोकाव्यात.